झाकल्या मुठीनेच गेलास

दत्ता,

परवा तुझ्या शोकसभेत एकजात सगळे म्हणाले, की तुझ्या पोटात काही राहायचं नाही. जे असेल ते तोंडावर. मनात एक आणि ओठांवर दुसरंच, हे म्हणे तुला कधी जमलंच नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला हसू आलं. तोंडाला ओढणी लावली. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही फिरवू दिला. त्यांना काय सांगणार होते? ज्याच्या पोटात म्हणे काही राहत नव्हतं, तो माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पोटात घेऊन सरणावर चढला, हे सांगणार होते?

मलाही बोलायला बोलावलं. कॉलेजपासूनची मैत्रीण, इतकी वर्षं एका खोलीत काम केलेली, म्हणजे मी बोलायलाच हवं होतं. दोन वाक्यं बोलले आणि खाली उतरले. सगळ्यांना वाटलं गळा दाटून आला. दाटला होता, पण रागाने. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे, तुझ्याबद्दल नाही बोलत. तुझ्याशीच बोलते.

यंदाच्या गणपतीत आमच्या सूसच्या सोसायटीत तुझं भाषण ठेवलं होतं. समोर सगळी हिंजवडीत नोकरी करणारी मंडळी, मांडीवर पोरं, हातात प्रसादाच्या वाट्या. फास्ट रेडिओ बर्स्ट म्हणजे काय आणि त्यावरून विश्वाचं बालपण कसं कळणार, हे तुला अर्ध्या तासात सांगायचं होतं. तू म्हणालास, समजा हिंजवडीतून एक दुचाकी आणि कंपनीची एक बस एकाच क्षणी सुटली. रस्ता मोकळा असेल तर दोघं सूसला बरोबरच पोचतील. गर्दी असेल तर दुचाकी फटीफटीतून आधी येणार आणि बस मागून रखडत. तुम्ही आपले गॅलरीत बसलाय, रस्ता तुम्हाला दिसत नाही. पण दुचाकीनंतर बस किती उशिरा आली एवढं जरी पाहिलंत, तरी मधल्या रस्त्यावर गर्दी किती होती ते सांगता येईल. हसले सगळे. मग म्हणालास, आकाशातून येणारा बर्स्टही असाच. डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारी रेडिओ लहरींची एक ठिणगी. तिच्यातल्या उंच पट्टीच्या लहरी आधी पोचतात, खालच्या पट्टीच्या मागून. वाटेत सुटे इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितका खालच्यांना उशीर जास्त. त्या उशिरावरून आम्ही मधल्या पोकळीत किती द्रव्य विखुरलंय ते मोजतो.

आणि फार लांबून आला तर? विश्व तान्हं होतं, पहिले तारे नुकते पेटत होते, त्या काळातून एखादा आला तर? तारे पेटायच्या आधी सगळे इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधलेले होते, म्हणजे रस्ता रिकामा. ताऱ्यांच्या उजेडाने ते सुटे झाले आणि गर्दी सुरू झाली. असे पुरेसे बर्स्ट मिळाले, तर गर्दी नेमकी कधी सुरू झाली, म्हणजेच विश्वात दिवे कधी लागले, ते कळेल. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, म्हणजे तिकडेही चांदणी चौकाचं काम चालू आहे का?" तूच सगळ्यांत मोठ्याने हसलास.

मग पाटीलकाकूंनी विचारलं, "असा एखादा लांबचा सापडलाय का हो कुणाला?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पहिल्या रांगेत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं हे त्या मांडवातल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. तू काकूंना म्हणालास, "अजून नाही."

मला तेव्हा तुझं कौतुक वाटलं. काय शिस्त आहे या माणसाची, म्हटलं. आता त्या "अजून नाही"ची सालं काढत बसलेय.

कारण सापडला होता ना रे. श्रावणात मला सापडला होता. शोधायच्या प्रोग्रॅममध्ये एक मर्यादा घातलेली असते, अमुक इतक्या उशिरापर्यंतचेच बर्स्ट बघायचे, त्यापुढचं बघायला संगणकाला फार वेळ लागतो आणि हाती कचराच येतो. ती मर्यादा वाढवा म्हणून मी किती वर्षं डोकं फोडत होते ते तुला ठाऊक आहे. शेवटी वाढवली. आणि त्या वाढवलेल्या पट्टीत, जिथे कोणी बघतच नव्हतं, तिथे तो होता. खालची लहर इतकी उशिरा आलेली, की मी आधी खुर्ची मागे सरकवली आणि पाणी प्यायले. मग पुन्हा पाहिलं. बाकदार, स्वच्छ, एकसलग रेघ. पहिल्या ताऱ्यांच्या काळातून निघालेली. मी तुला हाक मारली. तू उठून आलास, चष्मा कपाळावर चढवून पडद्याशी वाकलास, बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "छान आहे. लिहायला घे."

"छान आहे." भाजी छान आहे म्हणावी तसं.

आता ज्यांना आपलं घरचं माहीत नाही त्यांना यात राग येण्यासारखं काही दिसणार नाही. म्हणून ते इंजेक्शनचं प्रकरण इथे काढायलाच हवं. आपल्या धंद्यात ती जुनी रीत आहे. शोधणारी माणसं आणि त्यांचे प्रोग्रॅम जागे आहेत की झोपलेत हे तपासायला दुर्बिणीच्या नोंदींत मधूनच एखादा खोटा बर्स्ट मिसळायचा, कोणाला न सांगता. त्याला आपण इंजेक्शन म्हणायचो आणि ते टोचणारा तू, म्हणून सगळा गट तुला कंपाउंडर म्हणायचा. खोटा असो की खरा, सापडला की तो खराच धरून सगळं काम करायचं. मोजमाप, पडताळणी, शोधनिबंध, सगळं. आणि निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी तू "उघडणार". तोंडाने सांगायचं नाही. पिशवी घेऊन बैठकीला यायचं. पिशवीत पेढे असले तर खरा, भेळ असली तर खोटा.

भेळेची सुरुवात माझ्यापासून झाली होती, हे गटातल्या नव्या पोरांना माहीतही नसेल. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मी काम सोडून घरी बसले होते. एक एक करत सगळ्यांनी फोन करायचं बंद केलं. एका दुपारी तू दारात. आत आलास, मामंजींची विचारपूस केलीस, चहा घेतलास आणि जाताना टेबलावर एक डिस्क ठेवलीस. "जुन्या नोंदी आहेत. यात एक बर्स्ट आहे म्हणतात, मला काही दिसला नाही. वेळ मिळाला तर बघ." मामंजींना औषध दिलं की मी त्या नोंदी उघडायचे. त्यांचा डोळा लागला की उघडायचे. पहिले काही दिवस काही आठवेना, मग हात बसत गेला, आणि सापडला. तुला फोन केला तेव्हा मी अक्षरशः उड्या मारत होते. तू संध्याकाळी भेळेचा पुडा घेऊन आलास आणि सांगितलंस की तो बर्स्ट तूच घातला होतास, खास माझ्यासाठी, हाताला गंज चढू नये म्हणून. मी तुला पुडा फेकून मारला. मग आपण दोघांनी फरशीवरची भेळ झाडली आणि उरलेली खाल्ली. पुढच्या वर्षी मी कामावर परतले.

हे मी विसरलेले नाही, दत्ता. तुझ्या एका खोट्या बर्स्टने मला उभं केलं. म्हणून तर दुसऱ्याबद्दल मला इतका संताप येतो.

सुरुवातीला सगळ्या इंजेक्शनची नोंद संगणकात आपोआप राहायची. निखिल आला आणि ते संपलं. आयटी कंपनीतली चांगली नोकरी सोडून आपल्यात आलेला चष्मेवाला मुलगा, बोटं पाण्यासारखी चालतात, आणि तितकाच उपद्व्यापी. त्याने ती नोंद चोरून बघायला सुरुवात केली. जो बर्स्ट खोटा, त्याच्यावर आठवडाभर घाम गाळण्याऐवजी हे साहेब दोन दिवसांत "सापडला" म्हणून मोकळे. तुला कळलं तेव्हा तू ओरडला नाहीस, पण त्या दिवसापासून नोंद ठेवणंच बंद केलंस. स्वतःच्या हाताने, दर वेळी नव्या पद्धतीने मिसळायचास आणि मागचं सगळं पुसून टाकायचास. मूळ नोंदींतही इतकं बेमालूम, की आम्ही सगळे मिळून बसलो तरी सांधा सापडायचा नाही. गुपित फक्त तुझ्या डोक्यात.

तेव्हा मी तुझ्याशी भांडले होते. आठवतं ना? उपाहारगृहात, सगळ्यांसमोर. म्हटलं, निदान एका माणसाला तरी सांगून ठेव. बाहेरच्या कोणाला सांग, वहिनींना सांग.

"दोघांना कळलं की ते गुपित राहत नाही, विजे."

"आणि उद्या तुला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीये?" म्हणून तू डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पानात वाढलीस. "झाकली मूठ सव्वा लाखाची. खा."

लातूरकडचा माणूस आणि त्याची ती चटणी, बाकी काही पटायचंच नाही. मी खाल्ली. भांडण तिथेच राहिलं.

दुसरं भांडण त्याहून जुनं. तुझं म्हणणं, आनंद झाला की संशोधक आंधळा होतो. हवं ते मिळालं की माणूस तपासायचं थांबतो, म्हणून जिथे हाव सगळ्यात जास्त, तिथेच टोचून बघायचं. माझं म्हणणं, अरे बाबा, आनंदाची आशाच नसेल तर वर्षानुवर्षं आकाशाची खरखर ऐकत कोण बसेल? तू मान हलवायचास, म्हणजे पटलं नाही. मी पण हलवायचे. हे भांडण आपण म्हातारपणी तुझ्या कासार आंबोलीच्या घराच्या ओट्यावर बसून मिटवणार होतो.

तर जिथे हाव सगळ्यात जास्त, तिथे टोचायचं. माझी हाव कुठे होती हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

श्रावणापासून कार्तिकापर्यंत मी त्या निबंधावर बसले. आणि सांगायला लाज कशाला वाटायला हवी, मी आनंदात होते. नियम पाठ होता, खोटा असू शकतो हे रोज स्वतःला बजावत होते, पण मनाला कोण नियम शिकवणार? चहाच्या यंत्राशी गुणगुणायचे. घरी पोळ्या लाटता लाटता हात थांबायचा आणि वाटायचं, मला त्या काळचं काहीतरी मिळालंय, मला. हे सगळं तू बघत होतास. समोरच्या टेबलावरून, रोज, चष्मा कपाळावर चढवून. आणि तुला माहीत होतं. दोन्हींपैकी जे काही खरं असेल, ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मंगळवारी तू उघडणार होतास. शुक्रवारी पार्किंगमध्ये भेटलो तर म्हणालास, "शीर्षकात 'संभाव्य' शब्द घाल." मी म्हटलं, "तू नेहमी घालायला लावतोस." "म्हणून तर," म्हणालास आणि हेल्मेट चढवलंस. ते माझं-तुझं शेवटचं बोलणं. त्या दोन शब्दांनी माझ्या किती रात्री खाल्ल्यात ते तुला कळायचं नाही. खऱ्यालाही तू हेच म्हणायचास, खोट्यालाही हेच. मी तुझ्या आवाजाचा चढउतार आठवून पाहिला, खांदे आठवून पाहिले, हेल्मेटचा पट्टा लावायला वेळ लागला का तेही आठवून पाहिलं. मग एका दुपारी स्वतःचीच किळस आली. मेलेल्या मित्राच्या खांद्यांत मी पेढे की भेळ ते शोधत होते.

रविवारी संध्याकाळी तुला छातीत कळ आली. त्याच वेळी शनिवार-रविवारच्या बंगल्यांवरची सगळी मंडळी गाड्या भरभरून पुण्याला परतत होती. तुला घेऊन कासार आंबोलीहून निघालेली ॲम्ब्युलन्स पिरंगुटपर्यंत नीट आली आणि भूगावच्या कोंडीत अडकली. वहिनी सांगत होत्या, सायरन चालू होता, कोणाला बाजूला व्हायला जागाच नव्हती, आणि खिडकीतून दुचाकीवाले एक एक करून पुढे जाताना दिसत होते. तुझं ते गणपतीतलं उदाहरण मला आता कोणापुढे देता येणार नाही.

मंगळवारी आम्ही बैठकीच्या खोलीत बसलो, नेहमीच्या वेळेला. का बसलो ते माहीत नाही. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष दाराकडे होतं आणि सगळ्यांना त्याची लाज वाटत होती.

मग उकरणं सुरू झालं. निखिलने तुझा संगणक, बॅकअप, सगळं पालथं घातलं. आठवड्याने माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, डोळे लाल. "मॅडम, सरांनी सगळं क्लीन केलंय. ॲक्च्युअली काहीच ट्रेस नाहीये. टोचलं नाही म्हणून ट्रेस नाहीये की टोचून पुसलं म्हणून, ते पण सांगता येत नाही. सेमच दिसतं." मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, "माझ्यामुळे झालं ना हे?" मी त्याला नाही म्हटलं नाही. तितकी चांगली मी त्या दिवशी नव्हते.

तेराव्याला मी तुझ्या घरी आले. जेवणं झाली, बायका भांडी आवरत होत्या, आणि मी वहिनींना कोपऱ्यात घेऊन विचारलं, मिठाई कुठून आणायचा तो, त्याने काही सांगून ठेवलं होतं का? ऐक, तेराव्याच्या दिवशी, कुंकू पुसलेल्या बाईला मी पेढ्यांचं विचारलं. ही वेळ तू माझ्यावर आणलीस. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते वाटेत घ्यायचे, विजयाताई. त्या सकाळी जाताना. मला कधी कळायचं नाही." आणि पुढे म्हणाल्या, "मी विचारायचेच नाही. विचारायला हवं होतं का?"

मला तिथे थांबवेना. मागच्या दाराने बाहेर पडले. भात काढून झालेलं, खाचरं उघडी पडलेली, आणि तुझ्या मोकळ्या प्लॉटमध्ये मेंढपाळ ठकूबाईंची मेंढरं बसलेली. संध्याकाळी तू तिथे जाऊन बसायचास हे वहिनींनी मला पूर्वी हसत हसत सांगितलं होतं. मनात आलं, माणसाला कुठेतरी बोलावंच लागतं. ज्याला काही कळणार नाही अशा कोणापाशी तरी बोललाच असशील.

"ठकूबाई, साहेब तुमच्याशी कामाचं काही बोलायचे का?"

"बोलायचं की. रोज सांच्याला हितं दगडावर बसायचं अन् बोलायचं. मी आपली व्हय व्हय म्हनायची. मला काय कळतंय त्यातलं?"

"शेवटच्या आठवड्यात काही म्हणाले? खरं आहे, खोटं आहे, असं काही?"

त्यांनी हातातलं शेणाचं घमेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमीबी त्येच इचारताय व्हय? परवा त्यो चस्मेवाला पोरगा आल्ता, त्यानंबी त्येच इचारलं. अवं, मानूस गेलं न्हवं तुमचं? काय खाल्लं व्हतं, कसं गेलं, कुनाची याद काढली, ह्ये कुनी इचारत न्हाई. त्यो काय म्हनला तेवढंच पायजे समद्यास्नी."

मग मी विचारलं, "कोणाची आठवण काढली?"

"कोकराची. नुकतीच यालेली मेंढी हाय ती बगा, तिचं कोकरू थानाला तोंड लावत न्हवतं. आयतवारी सकाळी येऊन इचारून गेलं, पितंय का म्हनून."

"मग? पितंय का?"

"पितंय की आता. लई लबाड झालंय."

तिथे मी रडले, दत्ता. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. ठकूबाईंना बरं वाटलं असावं, त्या म्हणाल्या, "रडा, रडा, त्येच बरं." पण मी कशासाठी रडत होते ते त्यांना कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटच्या सकाळी तू मेंढीच्या कोकराची चौकशी करायला चालत गेलास. मला एक फोन केला असतास तर? नियम मोडून, एकदाच. "विजे, खरा आहे गं." नाहीतर, "विजे, नको गुणगुणूस." दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

बऱ्याच लोकांनी मला समजावलं, की सोडून दे, तो गेला, त्याला माफ कर. अरे, पण कोणाला माफ करू? तो बर्स्ट तू घातला असशील, तर श्रावणापासून कार्तिकापर्यंत माझी आशा फुगताना बघत तू समोर बसलास आणि चटणी वाढत राहिलास. घातला नसशील, तर माझ्या हक्काचा आनंद हातात असताना तू मूठ मिटून ठेवलीस. दोन वेगवेगळे दत्ता आहेत. एकाला माफ करायला जावं तर दुसरा मध्ये येतो. कोणाशी भांडायचं तेही मला नीट कळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मागच्या आठवड्यात निबंधाचं काय करायचं यावर बैठक झाली. नियम स्पष्ट आहे आणि तो तूच लिहिलेला आहे, की जो उघडला नाही तो खोटा धरायचा. गटातल्या मोठ्यांचं म्हणणं पडलं, नियमाप्रमाणे बाजूला ठेवू, उगाच हसं नको. निखिल म्हणाला, "मॅडम, पाठवून देऊ या ना. सरांचं इंजेक्शन होतं की नाही, बाहेर कोणाला कळणारे?" मी दोघांनाही नाही म्हटलं. फेकून द्यायला मी तो बाजारातून आणलेला नाही. आणि लपवून पाठवायला मी तुझ्या हाताखाली तयार झालेली नाही. एवढं तरी तुझं मला अजून लागू पडतं.

म्हणून मी एक वाक्य लिहिलं. संकेत कुठून आला असू शकेल याची चर्चा करतो ना आपण शेवटी, तिथे. उपग्रह नाही, विमानाचं रडार नाही, कोणाचा मोबाइल नाही. आणि मग, "हा संकेत विश्वाच्या आरंभकाळातल्या एखाद्या दीर्घिकेतून आलेला असू शकतो, किंवा आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याने चाचणीसाठी मिसळलेला असू शकतो. यांतलं कोणतं खरं, हे ठरवण्याचं साधन आमच्याकडे नाही." खोलीत कोणीतरी म्हणालं, मेलेल्या माणसाचं नाव असं संशयितांत घालायचं? मी म्हटलं, नाव घातलेलं नाही. पण वाचणाऱ्यांतले निम्मे ओळखतील, हे मलाही माहीत आहे.

वहिनींना विचारल्याशिवाय पाठवायचं नव्हतं. परत कासार आंबोलीला गेले, ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "घाला, ताई. त्यांनी केलेलं असेल तर त्यांचं आहे. नसेल तर नाही. मला तर दोन्हींत ते परत मिळत नाहीत." चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही निदान चिडू तरी शकता त्यांच्यावर."

निबंध गेला. लेखकांच्या यादीत तू शेवटी आहेस आणि शक्यतांच्या यादीतही शेवटी आहेस. एकाच कागदावर आकाश पाहणारा तू, आणि त्याच कागदावर आकाशाच्या जागी असू शकणाराही तू. असा मान आपल्या क्षेत्रात आजवर कोणाला मिळाला असेल असं वाटत नाही. तुला हसू आलं असतं. मला येत नाही.

आता एकच वाट उरलीये, आणि ती तुलाही पटली असती. काही बर्स्ट पुन्हा येतात. त्याच जागेतून, महिन्यांनी, कधी वर्षांनी. बहुतेक येत नाहीत, पण काही येतात. आकाशाचा तो तुकडा रोज आपल्या दुर्बिणीच्या तबकड्यांवरून सरकतो तेवढा वेळ मी मागून घेतला आहे. तेवढा वेळ मी दुसरं काही करत नाही. आता इंजेक्शन कोणी टोचत नाही. तुझी जागा घ्यायला कोणी तयार नाही, आणि मी कोणाला घेऊ देणार नाही. म्हणजे पुन्हा त्याच ठिकाणाहून तसाच बर्स्ट आला, तर तो खरा. मग शंका राहणार नाही. तुझ्या हातून दुसऱ्यांदा काही यायची सोय आता नाही.

मला तो यायला हवा आहे. इतकी वर्षं मी त्यासाठीच बसले आहे. तो आला की मी स्वतः जाऊन पेढे आणीन, निखिलला देईन, वहिनींना देईन, कोकराला चालत असतील तर ठकूबाईंच्या कोकरालाही देईन. आणि त्याच दिवशी माझ्या नोंदींतून तू पुसला जाशील, पुरता, जसं तू स्वतःचं काम पुसायचास तसा. हे मला हवं आहे की नको, ते तू विचारू नकोस. तू कधी विचारलंही नाहीस.

आजचा वेळ मघाशी संपला. तबकड्या पुढच्या कामाला वळल्या. काही आलं नाही.

म्हणजे आजही तो तू असू शकतोस.

विजया